सभापतीचे मौन

राजकारणी माणसाची कीर्ती बहुधा त्याच्या बोलण्यावर उभी असते. सभापतीची मात्र न बोलण्यावर! जन्मभर जिभेच्या जोरावर निवडणुका जिंकलेल्या माणसाने एके दिवशी उंच आसनावर जाऊन बसायचे आणि पुढे दुसऱ्यांची भाषणे ऐकायची. आपल्याकडे दादासाहेब मावळंकरांनी हे व्रत निभावले. पण हे आसन खरे अवघड असेल ते मॉरिशससारख्या चिमुकल्या बेटावर. सत्तरएक सभासदांचे ते सभागृह. दुपारी ज्याला दटावून खाली बसवले, तोच संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नात शेजारच्या खुर्चीवर भेटायचा!

तिथले हरिलाल वाघजी १९६० ते १९७९ अशी एकोणीस वर्षे या आसनावर होते. १२ मार्च १९६८ रोजी बेट स्वतंत्र झाले. निशाण बदलले, सभापती तेच राहिले.

मला अधिक ओढ वाटते ती मात्र राजकेश्वर पुरयाग यांच्या कहाणीची. त्यांचे पूर्वज बिहारातून गेलेले गिरमिटिये. १८३४ पासून जवळजवळ ५ लाख माणसे अशीच करारावर तिथल्या उसाच्या मळ्यांत नेली गेली. मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली माणसेही त्यांत होती. तिथे गणेश चतुर्थीला सुटी असते ती उगाच नव्हे. पोर्ट लुईच्या धक्क्यावर दगडी पायऱ्या चढून आले की माणसाला एक क्रमांक मिळे. पुढे बोलायचे ते मुकादमाने, याने ऐकायचे.

त्याच पोर्ट लुईत विधानसभा भरते. बाहेर व्हिक्टोरिया राणीचा पुतळा अजून उभा आहे. १९६८ च्या घटनेने सभागृहाची भाषा इंग्रजी ठरवली, हवे तर फ्रेंच चालेल म्हटले. मळ्यातल्या भोजपुरीला तिथे जागा नव्हती. पण मळेवाल्यांची नातवंडे आत गेलीच. पुरयाग वकील झाले, १९७६ साली मजूर पक्षातर्फे निवडून आले, पुढे परराष्ट्रमंत्री झाले आणि २००५ मध्ये सभापती. कुणी बोलायचे आणि कुणी थांबायचे, हे आता गिरमिटियाचा वंशज सांगू लागला. सात वर्षे त्यांनी ते सांगितले. २०१२ मध्ये त्याच सभागृहाने त्यांना राष्ट्रपती निवडले.

जानेवारी २०१३ मध्ये ते बिहारातल्या वाजितपूरला, पूर्वजांच्या गावी, गेले. गाव लोटले होते. सभागृहातले सारे कल्लोळ शांतपणे ऐकून घेतलेल्या या गृहस्थांना तिथे काही रडू आवरले नाही.