पाठीवरचा डबा



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. सध्या मुक्काम लेकीकडे, अमेरिकेत मॅडिसनला. इथे मेंडोटा नावाचं मोठं तळं आहे आणि आमची नात त्यात शिडाची होडी चालवायला शिकते. मे महिन्यातल्या एका रविवारी म्हणाली, "आजोबा, चला. पण लाइफ जॅकेट घालावं लागेल हं."

मी वाईचा. कृष्णेत पोहायला शिकलो ते पाठीला पत्र्याचा डबा बांधून. डबा सुटला की पोरगा पोहणारा झाला, हीच आमची पदवी! आता पंचाहत्तरीत परत डबा? म्हटलं, "अगं, मला पोहता येतं."

ती वाद घालत बसली नाही. म्हणाली, "पाण्यात हात घाला. मी सांगेपर्यंत काढायचा नाही."

वर छान ऊन, आणि पाणी बर्फासारखं! हे तळं हिवाळ्यात गोठतं, त्याचा गारठा मे महिन्यातही गेलेला नसतो. हात बाहेर काढला तर शर्टाचं बटणही लावता येईना. "आख्खे पडलात तर पहिलं मिनिटभर नुसती धाप लागते. दहाएक मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. मग पोहणार कशाने?"

मुकाट्याने जॅकेट चढवलं. बाईसाहेबांनी पट्टे ओढून तपासले.

मग होडीतला पाठ. वाऱ्याने होडी फार कलली तर शीट सैल सोडायची. (शीट म्हणजे शिडाचा दोर बरं का, कापड नव्हे!) वळताना डोकं खाली, नाहीतर शिडाखालचा आडवा दांडा टाळक्यात बसतो. आणि उलटलोच तर किनारा कितीही जवळ दिसो, होडी सोडायची नाही. होडी तरंगते, आणि शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्याआधी ती दिसते.

तळ्यात मजा आली, खोटं कशाला बोलू. पण मन मागे गेलं. १९८६ साली सातवीच्या सहलीत मी चाळीस मुलं एका तलावात होड्यांतून फिरवली होती. जॅकेट एकाच्याही अंगावर नाही. पालकांना सांगितलं होतं, "काळजी नको, मला पोहता येतं." सगळी सुखरूप परतली आणि ते मी माझ्या शिस्तीच्या खात्यावर जमा केलं.

१८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं पोहणं किती मुलांना पुरलं असतं? एकाला, फार तर दोघांना. बाकीच्यांची नावं मला अजून हजेरीच्या क्रमाने पाठ आहेत.

असो. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोराबाळांना घेऊन तळ्यावर जाल, जरूर जा. होडीवाला जॅकेट देत नसेल तर काठावर बसून भेळ खा. आणि घरातला कुणी म्हातारा "मला पोहता येतं" म्हणाला, तर त्याला आधी पाण्यात हात घालायला सांगा.