म्हसवडला जाताय? सासूबाईंनाही न्या!

मैत्रिणींनो, साताऱ्याहून पंढरपूरच्या वाटेला लागलं, की दहिवडी आणि गोंदवले मागे टाकून आपण म्हसवडला पोचतो. माणगंगेच्या काठचं हे गाव माणच्या दुष्काळी मुलखातलं. तेव्हा नदीला भरपूर पाणी असेल अशी आशा धरू नका. इथलं दैवत सिद्धनाथ-जोगेश्वरी. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे देवदिवाळीला, देवाचा रथ निघतो. गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि भक्तमंडळी दोर धरून रथ ओढतात.

रथ सपाटीवर असतो तोवर ठीक. चढ आला की जास्त हात लागतात. चाकाच्या खुर्चीचंही तेच. फरक इतकाच, की तिथं ओढायला सारा गाव नसतो. एकटी सून नाहीतर लेक असते.

आपल्याकडची जुनी देवळं अन् वाडे म्हणजे जोतं उंच, उंबराही उंच. गुडघ्यांनी दावा मांडलेल्या सासूबाई मग बाहेरूनच हात जोडतात. "तुम्ही या जाऊन, मी बसते हितंच," म्हणतात. त्यांना दर्शन का नको असतं? नको असतात त्या पायऱ्या!

हल्ली दारोदारी उतार दिसतो खरा, पण तो असतो मोटारसायकल चढवायला. अरुंद आणि घसरगुंडीसारखा. माणूस अन् खुर्ची मिळून ८० किलो धरा. चार फुटांत एक फूट चढणाऱ्या उतारावर सुमारे २० किलोचा जोर लावावा लागतो. तोच उतार बारा फुटांत एक फूट चढला, तर सहा-सात किलोंत काम भागतं. आणि उतरताना हात सुटला तर काय होईल, ते मी सांगायला नको!

तेव्हा गवंडीदादांना सांगायचं ते असं:

उंचीच्या एका इंचाला एक फूट लांबी. सात-सात इंचांच्या तीन पायऱ्या असतील, तर उतार २१ फुटांचा. अंगण लहान असेल तर मध्ये वळण घ्या, पण वळणावर सपाट जागा हवीच.

रुंदी चार फूट. वर आणि खाली पाच-पाच फूट सपाटी. उंची अडीच फुटांहून जास्त असेल तर मध्येही एक विसावा.

दोन्ही बाजूंना कठडा. एक दांडी अडीच फुटांवर, दुसरी तीन फुटांवर. कडेला चार बोटं उंच काठ ठेवा, म्हणजे चाक बाहेर जाणार नाही.

वर गुळगुळीत फरशी नको, खरखरीत कोबा करा. आणि उतारावर गाड्या लावू देऊ नका!

प्रवासाला निघण्याआधी मुक्कामाच्या जागी फोन करून पायऱ्या किती, उतार आहे का, ते विचारा. वयस्कर माणसं बरोबर असली तर रथाच्या गर्दीचा दिवस टाळा.

सार्वजनिक इमारतींत अशी सोय करणं २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं बंधनकारक आहे. म्हणजे ती मागणं ही काही मेहेरबानीची याचना नव्हे. या म्हसवडच्याच बायकांनी चेतना सिन्हांच्या बरोबरीनं १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. शिक्षण नाही म्हणून आधी परवाना नाकारला गेला, तरी त्या हटल्या नाहीत. आपल्या गावच्या देवळाच्या पंचांकडे आणि नगरपालिकेत एक अर्ज द्यायला आपल्याला काय अवघड आहे?