वासोट्याच्या वाटेवर

डोंगर चढण्याचे वेड आम्हांला उतारवयात लागले, असे कोणी म्हटल्यास आम्ही रागावणार नाही. गुरुविद्यालयात असताना अकरावे पायस या पोपमहाशयांचे चरित्र वाचले होते. आखिल्ले रात्ती या मूळ नावाच्या ह्या इटालियन धर्मगुरूने १८८९ साली मोंते रोझाची बर्फाळ पूर्व भिंत चढून शिखरानजीकच्या अरुंद खडकावर रात्र काढली. पुढे पोप झाल्यावर १९२३ साली त्यांनी मेंथोनचे संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते ठरविले. आमच्या सातारा-सांगलीला बर्फ कोठले! आम्हांला वासोटाच पुरे.

गेल्या जानेवारीत सांगलीच्या युवकांना घेऊन बामणोलीस पोहोचलो. कोयनेच्या शिवसागर जलाशयातून लाँचने पलीकडे; तेथे वनखात्याची तपासणी, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचीही मोजदाद. अभयारण्यात मुक्कामास परवानगी नाही, म्हणून दिवस मावळण्याआधी परतणे भाग. ओढ्याकाठच्या मारुती-गणपतीपासून मात्र चढ असा लागतो की, प्रवचनाचे सारे शब्द छातीतच राहतात.

अर्ध्या चढावर आमच्या गुडघ्यांनी हात टेकले. मुले वाटाड्यासह पुढे गेली. सोळा वर्षांचा एक मुलगा तेवढा मागे राहिला. पूर्वी तो वेदीसेवक होता. पावसाळ्यात त्याचे वडील वारले, तेव्हापासून मिस्सेला फिरकला नव्हता. संधी साधून आम्ही उपदेशास आरंभ केला. पाण्याची बाटली पुढे करीत तो म्हणाला, "फादर, बाबांच्या मातीला तुम्ही नव्हता."

खरे होते. आम्ही वार्षिक ध्यानसाधनेस गेलो होतो. पण परतल्यावरही त्यांच्या घरी गेलो नाही, याला कोणती सबब? "चुकलो," एवढेच आम्ही म्हणालो. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने आमची पिशवी त्याने आपल्या खांद्यावर घेतली.

गडावर बाबूकड्यापाशी बसून आम्ही सवयीने इतिहास सांगू लागलो : पेशवाईत येथे कैदी ठेवीत, १८१८ साली इंग्रजांनी गड घेतला, तेव्हा साताऱ्याच्या छत्रपतींचे कुटुंबीय आणि दोन इंग्रज अधिकारी येथून सुटले.

"त्यांना भेटायला कुणी येत असेल का, फादर?" त्याने विचारले.

उतरताना तो वडिलांविषयी बोलू लागला. ते हळदीच्या वखारीत कामाला होते. त्यांच्या सदऱ्यावरचा पिवळा डाग आई अजून धुऊ देत नाही. ओढा येईपर्यंत तो बोलत होता, आम्ही ऐकत होतो. गुडघ्यांची आठवण झाली ती लाँचमध्ये बसल्यावर.