तिकीट पाकिटासकट ठेवा

मी चंद्रपूरला राहतो आणि कॅनडाची जुनी फर्स्ट डे कव्हरं जमवतो. नवं तिकीट ज्या दिवशी विक्रीला येतं, त्याच दिवशीचा शिक्का बसलेलं पाकीट म्हणजे फर्स्ट डे कव्हर. आता आपलं टपाल खातं त्यासाठी छापील पाकीट आणि खास शिक्का देतं. नागपूरच्या फिलाटेली ब्युरोत ते मिळतं. जुन्या पाकिटांवर मात्र बहुधा रोजचाच शिक्का असतो. भिंग धरून त्यातली तारीख वाचायची, यातच या छंदाची खरी गोडी आहे.

कॅनडाचं १८९८ सालचं दोन सेंटचं नकाशाचं तिकीट माझं आवडतं. त्यावर छापलंय ‘ख्रिसमस १८९८’, पण ते विक्रीला आलं ७ डिसेंबरलाच. म्हणून त्या तारखेचं पाकीट फार दुर्मीळ. माझ्याकडे नुसतं सुटं तिकीट आहे. त्यावर ब्रिटिश साम्राज्य लाल रंगात दाखवलंय. त्या लाल हिंदुस्थानात आपला चांदा जिल्हाही आला.

माझ्या ऐपतीतलं पाकीट म्हणजे सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचं. तिकीट तीन सेंटचं, शिक्का ऑटावाचा, तारीख १० मे १९३७. पत्ता टाइप केलेला आहे, कडा पिवळ्या पडल्यात, पण तारखेचा आकडा न् आकडा स्वच्छ उठलाय.

ही सवय लागल्यावर इथलीही पाकिटं मी नीट पाहू लागलो. सिरोंचा, आलापल्लीच्या जुन्या पत्रांवर ‘जिल्हा चांदा’ असतं. १९६४ च्या सुमारास चांद्याचं चंद्रपूर झालं आणि २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. हा सगळा बदल पत्त्यांवरून कळतो. याच गडचिरोलीतल्या हेमलकशाच्या डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांच्या गौरवार्थ मोनॅकोनं १९९५ साली तिकीट काढलं. त्याचं पहिल्या दिवसाचं पाकीट मी अजून शोधतोय.

आपल्याकडचा पावसाळा कागदाचा वैरी. बुरशीचे तपकिरी डाग पडले की जात नाहीत. पाकिटं भिंतीच्या कपाटात ठेवू नका, वाळवी लागते. पावसाळा सरला की सावलीत वारा द्या.

आणि घरात जुनी पत्रं निघाली तर तिकीट कापून घेऊ नका. शिक्का, पत्ता, तारीख यांच्यासकट अख्खं पाकीट ठेवा. कापलेलं तिकीट कुठून आलं आणि कधी निघालं, हे मग कुणालाच सांगता येत नाही.