शनिवारवाड्याभोवती, दिवेलागणीनंतर

मैत्रिणींनो, आमच्या माजिवड्यात भूत राहिलेलं नाही. घोडबंदर रोडला रात्री पांढऱ्या साडीतली बाई गाडी थांबवते, ही गोष्ट मात्र लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. पण आता नाक्यावर उड्डाणपुलाखाली माणसालाच उभं राहायला जागा नाही, तिथे ती बिचारी कुठे उभी राहणार? म्हणून पुण्याच्या नणंदबाईंचा फोन आला, "वहिनी, शनिवारी या, संध्याकाळची भुतांची सहल आहे," तेव्हा मी लेकीला घेऊन ठाण्याहून एसटीत बसले. सोबत दशम्या, लसणीची चटणी आणि (सासूबाईंच्या आग्रहाखातर) पर्समध्ये अंगाऱ्याची पुडी!

सहल म्हणजे काय, तर इतिहासाचं वेड असलेला एक तरुण वीस-बावीस जणांना घेऊन दिवेलागणीनंतर जुन्या पुण्यातून चालवतो आणि गोष्टी सांगतो. कसबा गणपतीला नमस्कार करून निघालो, लालमहालावरून शनिवारवाड्याच्या पटांगणात आलो. वाडा संध्याकाळी बंद होतो, त्यामुळे फिरायचं ते तटाबाहेरून. 1730 साली बांधायला घेतलेला हा वाडा. 1828 च्या आगीत आतलं सारं जळालं, उरले ते तट, बुरूज आणि जोती. दिल्ली दरवाजावर हत्तींनी धडक देऊ नये म्हणून ठोकलेले खिळे विजेरीच्या उजेडात मोठे उग्र दिसतात. मात्र समोर भेळ, फुगे, पोरांचा कालवा. भीती वाटायला मनाची बरीच तयारी करावी लागते!

गोष्ट तुम्हांला ठाऊकच आहे. 30 ऑगस्ट 1773, गणपतीचे दिवस. थकलेल्या पगाराचं निमित्त करून गारदी वाड्यात घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे धावत राघोबादादांकडे गेले, त्यांना मिठी मारली, "काका, मला वाचवा!" ती हाक अजून ऐकू येते म्हणतात. कुणी अमावास्येला म्हणतं, कुणी पौर्णिमेला. भुताचंही पंचांग ठरलेलं दिसत नाही.

आम्ही तटाला वळसा घालून दक्षिणेच्या नारायण दरवाजाशी आलो. याच दारातून प्रेत बाहेर नेलं, असं सांगतात. इथे दिवे कमी, झाडाची सावली, गर्दी मागे राहिलेली. त्या मुलानं आवाज खाली आणला आणि म्हणाला, "पत्रात 'धरावे' होतं. आनंदीबाईनं 'ध' चा 'मा' केला."

माझी लेक सातवीत. तिनं विचारलं, "ते पत्र कुठे आहे, दादा?"

मुलगा प्रामाणिक, पटकन म्हणाला, "तसं पत्र कुणाला मिळालेलं नाही, ताई. ती आख्यायिका आहे."

आणि मी गप्प! मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. "ध चा मा करणे : मजकुरात फेरफार करून अर्थ बदलणे" हे दरवर्षी फळ्यावर लिहिते, आणि मुलांना मजा वाटावी म्हणून आनंदीबाईची गोष्टही रंगवून सांगते. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोष दिला तो राघोबादादांना. तरी आपल्या तोंडात नाव कुणाचं? आपल्याकडे दूध नासलं तरी आधी सुनेकडे बघतात, त्यातलाच प्रकार.

मग त्याला आम्हीच बोलतं केलं. नारायणरावांना पाठीशी घालताना त्यांचा सेवक चापाजी टिळेकर मारला गेला, तशा दासीसुद्धा कापल्या गेल्या. त्यांची नावं कुणी सांगत नाही, त्यांची भुतंही नाहीत. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर. बारभाईंनी त्यांना पुरंदरावर नेऊन ठेवलं, 18 एप्रिल 1774 ला सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांचं पोर पेशवा झालं. तीन वर्षांत गंगाबाईही गेल्या. त्या दुपारी वाड्यात त्यांनी काय ऐकलं असेल? मला त्या अंधारात पहिल्यांदा शहारा आला तो तेव्हा.

आणि ही गोष्ट आपल्या ठाण्यापर्यंत पोचते, हे मला कुठे माहीत होतं! पेशवाईच्या या भांडणात इंग्रजांनी संधी साधून डिसेंबर 1774 मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला. राघोबादादांनी 1775 च्या सुरतेच्या तहात वसई आणि साष्टी इंग्रजांना देऊ केली; 1782 च्या सालबाईच्या तहानंतरही साष्टी त्यांच्याकडेच राहिली. साष्टीतच आपलं ठाणं आणि माजिवडाही. तो किल्ला म्हणजे आताचा तुरुंग. त्याच्या भिंतीवरून मी कितीदा भाजी घेऊन आले आहे!

तुम्ही गेलात तर पायात सपाट चपला घाला, फरशा उंचसखल आहेत. गाड्यांमधून रस्ते ओलांडावे लागतात, तेव्हा अगदी लहान मुलं नकोत. पोटभर खाऊन निघा, दीड-दोन तास सहज जातात.

घरी आलो तर सासूबाई दारातच. "दिसलं का गं काही?" लेक म्हणाली, "आजी, भूत नाही दिसलं. पण आई तिथे त्या दादाशी खूप भांडली."

भांडले नव्हते हो! पुढच्या आठवड्यात नववीला वाक्प्रचार आहेत. अर्थ तोच लिहीन, पण पत्र कुणी पाहिलेलं नाही हेही सांगीन. एक तास जास्त लागेल, मुख्याध्यापिकाबाईंना आधी विचारून ठेवलं आहे.