अडीच व्होल्टची गोष्ट

भारतातून आणलेला मिक्सर तुम्ही इथे कधी लावला असेल. तिकडे २३० व्होल्ट, इथे २४०. तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर मिळाला की झालं. त्यामुळे आपल्याला एक सवय लागते: पिन बसली म्हणजे जुळलं. माझी चूक याच सवयीतली.

मी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. २००७ साली आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या प्रोजेक्टला झायलिंक्सची स्पार्टन-३ ही एफपीजीए चिप होती. या चिपची गंमत अशी, की वीज गेली की ती सगळं विसरते. दर वेळी बाहेरून तिच्यात सर्किट भरावं लागतं, आणि त्यासाठी ठरावीक पिना असतात. चिपच्या गाभ्याला १.२ व्होल्ट, इनपुट-आउटपुटला बहुधा ३.३, पण या भरणा करणाऱ्या पिना आणि जेटॅग मात्र २.५ वर चालतात. तिथे थेट ३.३ दिले, तर आतला संरक्षक डायोड वाहू लागतो आणि करंट उलटा २.५ च्या पुरवठ्यात शिरतो. साधा रेग्युलेटर करंट देतो, परत घेत नाही. मग तो पुरवठाच वर चढतो. (उलट दिशेला अडचण नाही, ३.३ च्या बाजूला २.५ हा 'हाय' म्हणून कळतो.)

एका मुलाचा बोर्ड सकाळी चालायचा, दुपारी रुसायचा. परीक्षेच्या दिवशीही रुसला. "सोल्डरिंग कच्चं आहे," मी म्हणालो आणि मार्क कापले. महिन्याभराने निवांतपणे मल्टिमीटर लावला, तर २.५ च्या जागी २.७ च्या वर! केबलचं सर्किट माझ्याच नोट्समधलं होतं. पुढच्या वर्षी नोट्समध्ये प्रत्येक पिनेला ६८ ओहमचा रेझिस्टर घातला, म्हणजे करंट दहा मिलिअँपच्या आत राहतो. शिवाय पुरवठ्यावरून ग्राउंडला एक रेझिस्टर, जादा करंट जिरवायला. नोट्स सुधारल्या. त्या मुलाला मात्र कळवलं नाही. निकाल लागून गेला होता, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली.

यंदा लेकीकडे मिरकाबला आलोय. लिबरेशन टॉवरकडे बघत संध्याकाळी फिरायला निघालो, तर बस स्टँडपाशी मागून हाक आली, "सर, तुम्ही इथे?" तोच! केस पिकलेत. मुबारकियात चहा घेताना मी सगळं सांगून टाकलं.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मी तेव्हाच मोजलं होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"तुमच्या नोट्स होत्या ना, सर."

चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत. त्याची मुलगी शाळेच्या प्रदर्शनासाठी असलाच एक बोर्ड जुळवते आहे. शुक्रवारी जेवायला बोलावलंय. जावयांचा मल्टिमीटर मागून ठेवला आहे.