हात कुणाचा ढिला?

मोटारीचे स्टेअरिंग ढिले वाटू लागले, तर माणसाला पहिली शंका कशाची यावी? मोटारीची, असे तुम्ही म्हणाल. मला आली ती माझ्या मुलीच्या हाताची. आणि ती शंका मी चांगली दोन महिने जपली.

आमची गाडी म्हणजे 2003 सालची पॅलिओ, 1.6 लिटर इंजिनाची. ही गाडी 2001 साली बाजारात आली तेव्हा सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करीत असे. शंभर अश्वशक्तीचे ते इंजिन त्या काळच्या छोट्या गाड्यांत अंमळ दांडगेच होते. माझ्यासारख्या शाळामास्तराला ते कशाला हवे, हा प्रश्न आष्ट्यात पुष्कळांनी मला विचारला, आणि माझ्यापाशी त्याचे उत्तर नव्हते. खरे कारण वडिलांची पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची ती गाडी कुर्ल्याला तयार होई. ही पॅलिओही कुर्ल्याचीच. एवढ्या नात्यावर मी ती जुनी विकत घेतली. माणसे याहून क्षुल्लक कारणांवर सोयरीक करतात!

आता हे नाते किती वरवरचे होते ते सांगतो, कारण पुढचा सारा घोटाळा तिथून सुरू झाला. पद्मिनीचे इंजिन चाळीसेक अश्वशक्तीचे, आणि तो सारा जोर मागच्या चाकांना जाई. पुढच्या चाकांनी फक्त वळायचे. तिच्या स्टेअरिंगच्या पेटीत थोडा प्ले असायचाच. फार झाला की मिस्त्री पेटीवरचा स्क्रू पिळून देई आणि वडील समाधानाने विडी ओढीत. पॅलिओत पेटी नाही, रॅक आहे. आणि पुढच्या चाकांनीच वळायचे आणि गाडीही ओढायची. म्हणजे कासरा आणि जू एकाच बैलाच्या गळ्यात! हा फरक मला माहीत होता. तीस वर्षे मी मुलांना बल आणि गती शिकवली आहे. पण फळ्यावर माहीत असणे निराळे.

दिवाळी नुकतीच झाली होती. उसाचा हंगाम सुरू होऊन सांगली रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्यांची रांग लागली होती. मुलगी रोज गाडीने सांगलीला नोकरीला जाई. एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, गाडी सरळ राहत नाही. ट्रॉली ओलांडून पाय काढला की डावीकडे हिसका देते."

"दोन्ही हातांनी स्टेअरिंग धर म्हणजे राहील," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गाडी डिग्रजपर्यंत नेऊन आणली. ताशी चाळीस, ट्रॉली आली तर तिच्या मागे मुकाट्याने. गाडी गाईसारखी चालली. घरी येऊन मी जाहीर केले की गाडीत काही दोष नाही, चालवणाऱ्याचा हात ढिला आहे. मुलगी काही बोलली नाही. मग आठवडाभराने तीच तक्रार. मग पुन्हा. मी दर वेळी तेच उत्तर थोडे अधिक लांबवून दिले. शेवटी एका सोमवारी तिने किल्ली खिळ्याला अडकवली आणि ती एस.टी.ने गेली. ती किल्ली पुढे कितीतरी दिवस तिथेच होती. जेवताना ती माझ्या बरोबर समोर येई.

मन खाऊ लागले तसा मी गॅरेजांच्या पायऱ्या झिजवू लागलो. कुणाचे नाव घेत नाही. सगळ्यांनी आपापल्या परीने इलाज केला. एकाने हवा तपासून अलाइनमेंट केले. दुसऱ्याने दोन्ही टाय रॉड एंड बदलले. तिसरा म्हणाला, रॅक ढिला आहे, घट्ट करू. हे मात्र मला एकदम पटले. वडिलांच्या पद्मिनीचा स्क्रू डोळ्यांपुढे आला ना! रॅक घट्ट झाला, स्टेअरिंग जड झाले, आणि जड म्हणजे भक्कम असे मी धरून चाललो.

"आता चालवून बघ," मी मुलीला म्हटले. ती गेली आणि तुंगापासूनच परत आली. तोंड उतरले होते. "बाबा, हिसका आहेच. आता तर वळणावरून स्टेअरिंग मागंही येत नाही. ओढून आणावं लागतं."

हे ऐकून मात्र मी चपापलो. वळण संपले की चाके आपोआप सरळ होतात, ही काही जादू नव्हे. चाक ज्या अक्षावर वळते तो किंचित मागे कललेला असतो, त्यामुळे चाक ओढले जाताना सरळ होऊ पाहते. रॅक जास्त आवळला की ते बिचारे अडकते. म्हणजे मी पैसे देऊन गाडी अधिक धोक्याची करून आणली होती, आणि तीच पोरीच्या हाती दिली होती.

तेव्हा मी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. आयुष्यभर त्यांनी जीप आणि ट्रॅक्टर दुरुस्त केलेले. त्यांनी गाडीला हातच लावला नाही.

"पहिल्यांदा कुणाला कळलं, सर?"

"मुलीला."

"मग ताईंस्नी आणा की. तुमी काय सांगणार?"

रविवारी तिला घेऊन गेलो. मिस्त्रींनी तिला प्रश्न विचारले ते असे: हिसका पाय दाबल्यावर बसतो का सोडल्यावर? दोन्ही वेळी एकाच बाजूला का उलट? ब्रेकला काय होतं? गडगड आवाज येतो का? ती भराभर उत्तरे देत होती. दाबला की उजवीकडे, सोडला की डावीकडे, ब्रेकला डावीकडे जास्त, खड्ड्यात डाव्या बाजूला 'ठक्'. हे सारे तिला दोन महिने ठाऊक होते. मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

मग तपासणी. मी आत बसून स्टेअरिंग थोडे-थोडे डावी-उजवीकडे हलवायचे, मिस्त्रींनी खाली एकेका सांध्यावर बोटे ठेवायची. टाय रॉड एंड ठीक. रॅकचे आतले सांधे ठीक. जॅक लावून चाक घड्याळातल्या तीन-नऊच्या जागी धरून हलवले, मग बारा-सहाच्या जागी. बेअरिंग, बॉल जॉइंट, सगळे ठीक. मला वाटले, झाले, हेही हात टेकणार.

"आता जोर लावून बघू," मिस्त्री म्हणाले. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, हँडब्रेक ओढला, पुढून सगळ्यांना बाजूला केले. मुलगी आत बसली. पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूच सोडायचा, गाडी ताणली की पुन्हा दाबायचा. मग तेच रिव्हर्समध्ये. मिस्त्रींनी बाजूला उभे राहून डाव्या चाकावर बॅटरीचा झोत टाकला. "बघा सर."

चाक पुढे सरले. रिव्हर्सला मागे सरले. चांगले बोटभर! उजवे चाक मात्र जागचे हलत नव्हते.

लोअर आर्मचा मागचा बुश फाटला होता. वीस वर्षांचे रबर, त्यात पावसाळ्यातले खड्डे, आणि बुश वेळेवर न बदलणारा मालक. चाकाची खालची बाजू मागे-पुढे सरते, टाय रॉड मात्र आपल्या लांबीला धरून राहतो. मग चाक तिरके होते आणि स्टेअरिंग न फिरवताही गाडी वळते. हाताला वाटते स्टेअरिंग ढिले. जोर लावला, जोर काढला, तरच हे घडते. ताशी चाळीसने ट्रॉलीमागे जाणाऱ्याला ते सात जन्मांत कळणार नाही.

मिस्त्रींनी दोन्ही बाजूंचे बुश बदलले, आवळलेला रॅक मापात आणला, अलाइनमेंट करून घ्यायला सांगितले. निघताना मी मुलीला काहीतरी बोलणार होतो. शब्द जुळवले होते, पण ती आधीच चालकाच्या जागी जाऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर मीही सांगलीला निघालो. काम काहीच नव्हते. तुंगच्या अलीकडे दोन ट्रॉल्या लागल्या. समोरचा रस्ता मोकळा होताच तिने पाय दाबला. ती शंभर अश्वशक्ती मी प्रथमच पाहिली. पुढे होऊन तिने पाय काढला. गाडी रेघ मारल्यासारखी सरळ गेली.

तिने माझ्याकडे न बघता म्हटले, "बाबा, आता ते वरचं हँडल सोडा."